पोर्क शोल्डर धुरावर शिजवताना: तीन प्रयत्नांची नोंद

२०२४ च्या मे ते ऑगस्ट या काळात मी आमच्या परसात डुकराच्या खांद्याचा एकेक मोठा तुकडा असा तीनदा धुरावर शिजवला. पहिल्या वेळी पाहुण्यांसाठी रात्री पिझ्झा मागवावा लागला, दुसऱ्या वेळी मांस तीन तास आधीच तयार होऊन निवत पडले, आणि तिसऱ्या वेळी ते ठरल्या वेळेला पानात पडले. सुरुवात करण्यापूर्वी मी जे काही वाचले त्यात ‘इतक्या वजनाला इतके तास’ असे ठाम हिशेब होते, आणि माझा पहिला दिवस त्या हिशेबानेच बुडवला. म्हणून तारखा, तास, अंश आणि खर्च यांसकट सगळे क्रमाने लिहून ठेवते आहे.

आम्ही नॉर्थ कॅरोलायना राज्यात, राले शहराला लागून असलेल्या कॅरी या गावी राहतो. इथे ‘बार्बेक्यू’ हे बहुतेकांच्या तोंडी क्रियापद नसून पदार्थाचे नाव आहे, आणि तो पदार्थ म्हणजे लाकडाच्या निखाऱ्यावर सावकाश शिजवून पिंजलेले डुकराचे मांस. त्यातही दोन घराणी आहेत. राज्याच्या पूर्व भागात अख्खे डुक्कर शिजवतात आणि त्यावर व्हिनेगर, मीठ व मिरची एवढाच पातळ रस घालतात, तर लेक्सिंग्टन शहर व त्याच्या आसपास फक्त खांदा हिकरी या कठीण लाकडाच्या निखाऱ्यावर शिजवतात आणि व्हिनेगरच्या रसात थोडे टोमॅटो केचप चालते. माझे माहेर सावंतवाडीचे. गोव्याच्या वेशीवर वाढलेल्या माणसाला व्हिनेगर, मिरची आणि डुकराचे मांस हे त्रिकूट नवे नाही, त्यामुळे इथली चव मला पहिल्या घासातच ओळखीची वाटली होती. ते घरी करून पाहावे असे मात्र इथे आल्यानंतर सहा वर्षांनी वाटले.

मी निवडलेल्या तुकड्याला इथे ‘बॉस्टन बट’ म्हणतात. नाव काहीही सुचवत असले तरी तो मागचा भाग नसून खांद्याचा वरचा अर्धा भाग असतो. त्यात खांद्याचे चपटे हाड असते, चरबीच्या रेषा आडव्यातिडव्या गेलेल्या असतात आणि स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट तंतू, म्हणजे कोलॅजेन, भरपूर असते. खालच्या अर्ध्या भागाला ‘पिकनिक’ म्हणतात; त्यावर बहुधा कातडी असते आणि मांस थोडे कमी निघते. पहिल्यांदा करणाऱ्याने हाडासकट बॉस्टन बट घ्यावा असे मी सांगेन, कारण तो चुका पोटात घालतो. माझ्या त्याने बऱ्याच घातल्या.

मांसाच्या आधी परवानगीचे पाहावे लागले. आमचे घर एकाला एक लागून असलेल्या रांगेतले आहे आणि वसाहतीची गृहमालक संघटना, म्हणजे आपल्याकडची सोसायटीची कमिटीच, कोळशाच्या शेगडीबाबत कडक आहे. नियम असा की कोळशाची शेगडी लाकडी डेकवर ठेवता येणार नाही, इमारतीपासून किमान १० फूट लांब हवी, आणि तिच्यासाठी जमिनीवर कायमच्या फरश्या बसवायच्या असतील तर वेगळा अर्ज करावा लागेल. मी १२ मार्चला अर्ज आणि २५ डॉलर शुल्क भरले. तीन आठवड्यांनी उत्तर आले की अर्जासोबत जागेचा नकाशा जोडलेला नाही. घराच्या कागदपत्रांतला नकाशा शोधून, त्यावर पट्टीने अंतरे दाखवून, शेजारच्या दोन्ही घरांच्या सह्या घेऊन तो पुन्हा पाठवला आणि २ मे रोजी मंजुरी मिळाली. ज्यांना हे करायचे आहे त्यांनी पहिल्याच अर्जाला नकाशा, शेगडीचा फोटो आणि अंतर लिहिलेले रेखाचित्र जोडावे. माझा महिनाभराचा वेळ त्या एका कागदाने वाचला असता.

दुसरी परवानगी घरातली होती. सासूबाई एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, त्या पूर्ण शाकाहारी आहेत आणि आठवडाभरात स्वयंपाकघर त्यांचे झाले होते. त्यांनी विरोध केला नाही, एवढेच म्हणाल्या, “तुझं ते बाहेरच्या बाहेर होऊ दे. माझ्या ओट्यावर यायला नको, आणि माझ्या भांड्यांत तर नकोच.” त्यामुळे वेगळा कापायचा पाट, दोन ॲल्युमिनियमचे ट्रे, एक सुरी आणि एक चिमटा असा सवता संसार गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजशेजारी थाटला. या अटीचा एक परिणाम पुढे महत्त्वाचा ठरला: घरातला ओव्हन मला वापरता येणार नव्हता.

शेगडी जुनी घेतली. २२ इंची वेबर केटल, घुमटासारख्या झाकणाची, ६० डॉलरला मिळाली. ही शेगडी १९५२ मध्ये शिकागोजवळ वेबर ब्रदर्स या धातुकामाच्या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यात तरंगणाऱ्या धातूच्या बोयाचे गोल कवच कापून पहिल्यांदा बनवली होती, आणि तिचा आकार अजूनही जवळपास तसाच आहे. तळाला एक झडप, झाकणावर दुसरी, आणि या दोन झडपांतून जाणारी हवा कमी-जास्त करणे एवढेच तिचे तापमान-नियंत्रण. फरश्यांना ३८ डॉलर लागले. झाकणावर घड्याळासारखा एक तापमापक होता, त्यामुळे वेगळा तापमापक घेतला नाही. फक्त मांसात खुपसून आतले तापमान पाहायची साधी सळई होती. हे वाचवलेले पन्नास डॉलर मला पुढे महागात पडले.

पहिला प्रयत्न शनिवार, २५ मे रोजी केला. गुरुवारी ८.४ पौंडांचा, म्हणजे सुमारे ३.८ किलोचा तुकडा आणला. भाव पौंडाला २.२९ डॉलर होता, म्हणजे तुकडा साधारण १९ डॉलरला पडला. आदल्या रात्री त्याला मीठ चोळून उघडाच फ्रिजमध्ये ठेवला, आणि सकाळी मिरी, मोहरीची पूड, थोडी ब्राउन शुगर आणि पॅप्रिकाऐवजी बेडगीची पूड असा मसाला लावला. आमच्या पलीकडे लेक्सिंग्टनकडचे एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांनी कुंपणावरून सांगितले की २२५ अंश फॅरनहाइट, म्हणजे १०७ अंश सेल्सियसला पौंडामागे दीड तास धर. (इथे सगळे फॅरनहाइटमध्ये बोलतात, मी पुढे सेल्सियसच लिहिते.) त्या हिशेबाने साडेबारा तास होत होते. पाच वाजता कोळसा पेटवला, सव्वासहाला मांस ठेवले आणि सात जणांना संध्याकाळी सातचे आमंत्रण दिले.

दुपारपर्यंत सगळे छान चालले होते. झाकणावरचा काटा १०७ दाखवत होता आणि १२ वाजून २० मिनिटांनी मांसाच्या आतले तापमान ६७ झाले होते. उरलेले तीस अंश पाच-सहा तासांत होतील असे मी धरले. दोन वाजता ते ६८ होते, तीन वाजता पुन्हा ६७. मला वाटले सळई बिघडली. मी झाकण उघडून दुसऱ्या ठिकाणी खुपसून पाहिले, मग पुन्हा उघडून तिसऱ्या ठिकाणी. पावणेपाचला ७० अंश झाले होते. मग मी घाबरून न पेटलेल्या कोळशाचा एक ढीग आत ओतला, तेव्हा चुलीत ओले लाकूड घातल्यावर येतो तसा पांढरा दाट धूर तासभर येत राहिला. सात वाजता पाहुणे आले, साडेआठपर्यंत त्यांनी भेळ आणि कोशिंबिरीवर निभावले, आणि मग नवऱ्याने कोणाला न विचारता पिझ्झा मागवला. रात्री १० वाजून ४० मिनिटांनी कोळसा संपला तेव्हा मांस ८६ अंशांवर होते. हाडाजवळ ते पिंजता येईना, म्हणून सुरीने काप केले. वरचा भाग कडवट धुरकट झाला होता. त्या रात्री मला अपमानापेक्षा थकवा जास्त जाणवला. सतरा तास मी एका लोखंडी गोळ्याभोवती फिरत होते.

पुढचा महिना मी काय चुकले ते शोधण्यात घालवला, आणि तीन गोष्टी हाती लागल्या.

पहिली, झाकणावरचा काटा. तो काढून त्याची दांडी उकळत्या पाण्यात धरली, तेव्हा जिथे १०० दाखवायला हवे तिथे तो १०७ दाखवत होता. शिवाय तो घुमटाच्या वरच्या भागाची हवा मोजतो आणि मांस खाली जाळीवर, निखाऱ्यांपासून लांब असते. म्हणजे १०७ समजून मी बहुधा ९५ अंशांच्या आसपास शिजवत होते. त्यातून मी दर वीस मिनिटांनी झाकण उघडत होते, आणि प्रत्येक उघडण्यासरशी आतली ऊब निघून जात होती.

दुसरी गोष्ट ते अडकून बसणे. याला इथले लोक ‘स्टॉल’ म्हणतात, आणि तो साधारण ६५ ते ७७ अंशांच्या दरम्यान कधीही येऊन तासन्‌तास मुक्काम करतो. पूर्वी पुष्कळांचा समज होता की ही उष्णता चरबी वितळण्यात किंवा कोलॅजेन विरघळण्यात खर्ची पडते. ग्रेग ब्लॉन्डर या भौतिकशास्त्रज्ञाने प्रयोग करून दाखवले की खरे कारण बाष्पीभवन आहे. आपल्या माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते त्याच कारणाने हे होते: मांसातला ओलावा पृष्ठभागावर येऊन उडून जातो आणि जाताना उष्णता घेऊन जातो, आणि मंद आचेवर ही थंडाई शेगडीच्या उष्णतेच्या बरोबरीची होते. पृष्ठभाग पुरेसा सुकला की काटा पुन्हा वर सरकू लागतो. हे कळल्यावर मला फार हायसे वाटले, कारण सळई बिघडली नव्हती आणि मांसही बिघडले नव्हते. यातून सुटायचे दोन मार्ग: एक तर आच थोडी वाढवायची, नाही तर मांस गुंडाळून ओलावा उडणेच बंद करायचे.

तिसरी गोष्ट ‘सुरक्षित’ आणि ‘शिजलेले’ यांतला फरक. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये डुकराच्या अखंड तुकड्यांसाठीचे किमान तापमान ७१ वरून ६३ अंशांवर आणले, त्यानंतर तीन मिनिटे मुरू द्यायचे. म्हणजे पाहुणे आले तेव्हा माझे मांस खाण्यास केव्हाच निर्धोक झाले होते, पण दाताने तुटले नसते. खांद्यातले कोलॅजेन साधारण ७० अंशांच्या पुढे विरघळून जिलेटिन होऊ लागते, आणि ते काम अंशांइतकेच वेळाचेही आहे. म्हणून पिंजण्याजोगे व्हायला मांस ९० ते ९६ अंशांपर्यंत न्यावे लागते. त्यातही नेमका आकडा प्रत्येक तुकड्याचा वेगळा असतो. एकच वजन असलेले दोन खांदे एकाच शेगडीवर ठेवले तरी ते तास-दीड तासाच्या फरकाने तयार होतात, असे शेजारच्या आजोबांनी नंतर, जरा उशिराच, मान्य केले.

जूनमध्ये मी ५४ डॉलरचा दोन सळयांचा तापमापक घेतला. एक सळई जाळीवर मांसाच्या शेजारी लावायची, दुसरी मांसात हाडाला न टेकता खुपसायची, आणि आकडे घरात बसून पाहायचे. आल्या आल्या दोन्ही सळया बर्फाच्या पाण्यात आणि उकळत्या पाण्यात तपासल्या. ० आणि १०० बरोबर आले. हे तपासणे दोन मिनिटांचे काम आहे आणि नवी वस्तू असली तरी टाळू नये.

कोळशाची रचनाही बदलली. शेगडीच्या कडेकडेने ब्रिकेटची, म्हणजे दाबून बनवलेल्या कोळशाच्या वड्यांची, माळ लावायची, दोन रुंद आणि दोन उंच, साधारण दोन तृतीयांश वर्तुळ भरेल इतकी. एका टोकाला दहा-बारा पेटलेले निखारे ठेवले की माळ उदबत्तीसारखी टोकापासून पुढे पुढे जळत जाते आणि पुन्हापुन्हा कोळसा घालावा लागत नाही. माळेच्या सुरुवातीच्या भागावर हिकरीचे मुठीएवढे चार तुकडे अंतराअंतराने ठेवले. लाकूड भिजवून ठेवण्याची गरज नाही. भिजवलेल्या लाकडातून आधी वाफच निघते. झाकणातून येणारा धूर फिकट निळसर आणि जेमतेम दिसणारा असेल तेव्हाच मांस ठेवायचे. मांसाखाली, माळेच्या मधल्या मोकळ्या जागेत, पाण्याचा ट्रे ठेवला की टपकणारी चरबी निखाऱ्यात पडत नाही आणि तापमानही कमी हेलकावे खाते.

दुसरा प्रयत्न शनिवार, २९ जूनला. तुकडा ७.९ पौंडांचा होता. या वेळी आच १२१ अंशांवर ठेवली, कारण १०७ आणि १२१ यांच्या चवीत मला फरक कळला नसता, वेळेत मात्र दोन-तीन तासांचा पडतो. साडेपाचला मांस ठेवले, पहिले चार तास झाकणाला हात लावला नाही. अकरा वाजता आत ६८ अंश झाले तेव्हा ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये घट्ट गुंडाळले. पहिल्या वेळच्या धसक्याने मी सात वाजताच्या जेवणासाठी भरपूर वेळ धरला होता, आणि फॉइलमुळे मांस सुसाट निघाले. तीन वाजून ४० मिनिटांनी ९५ अंश! आता काय करायचे हे मला ठाऊकच नव्हते. मी ते फॉइलसकट गॅरेजमधल्या टेबलावर ठेवून दिले. सव्वासहाला सळई घातली तर ५७ अंश. शिजलेले मांस ६० च्या खाली रेंगाळू देणे योग्य नाही, कारण ४ ते ६० अंश हा जंतू वाढण्याचा टप्पा. म्हणून विझत चाललेली शेगडी पुन्हा चेतवून ते ७४ पर्यंत तापवले. जेवण वेळेवर झाले, मांस पिंजलेही गेले, पण कडा कोरड्या होत्या आणि बाहेरची काळपट खरपूस साल, जिच्यासाठी लोक जीव टाकतात, भिजलेल्या पापडासारखी झाली होती. फॉइलमध्ये मांस स्वतःच्याच वाफेत उकडते, आणि मी साल पुरती धरण्याआधीच गुंडाळले होते.

त्या संध्याकाळी आणखी एक गंमत झाली. पिंजताना कडेला बोटाच्या पेराएवढा गुलाबी पट्टा दिसला आणि एका मैत्रिणीने हळूच विचारले की कच्चे तर राहिले नाही ना. जळत्या लाकूड-कोळशातले वायू मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाशी बांधले जातात आणि तो गुलाबी रंग शिजल्यावरही टिकतो. तो कच्चेपणा नव्हे. मी तापमापकाचा आकडा दाखवला तेव्हा तिने खाल्ले.

तिसरी तारीख पंचांगाने ठरवली. ४ ऑगस्टला रविवारी आषाढ अमावास्या होती आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण, म्हणजे कॅरीतल्या मराठी मंडळींची गटारी. चौदा जण दुपारी एक वाजता येणार होते, त्यातले चार डुकराचे मांस न खाणारे, त्यांच्यासाठी एकाने कोंबडीचा रस्सा आणायचे कबूल केले. (मराठी घरात हा बेत करताना आधीच स्पष्ट विचारावे, ऐनवेळी कोणाची पंचाईत होऊ नये.)

या वेळी मी हिशेब उलटा केला. एक वाजता जेवण, त्याआधी तीन ते चार तास मांस गरम धरून ठेवायचे, म्हणजे ते सकाळी नऊच्या सुमारास तयार व्हावे, आणि १२१ अंशांवर साडेआठ पौंडांना अकरा ते तेरा तास लागू शकतात. म्हणून शनिवारी रात्री साडेआठला सुरुवात. लवकर झाले तर धरून ठेवता येते, उशीर झाला तर ती तीन-चार तासांची गादी कामी येते. पहिल्या वेळी ही गादीच माझ्याकडे नव्हती, आणि दुसऱ्या वेळी वेळ हाताशी असूनही मांस गरम कसे धरून ठेवायचे ते ठाऊक नव्हते.

तुकडा ८.६ पौंडांचा, म्हणजे ३.९ किलोचा होता. शुक्रवारी रात्री त्याला ४० ग्रॅम मीठ चोळले, वजनाच्या साधारण एक टक्का. एवढे मीठ चोवीस तासांत आत मुरते आणि पृष्ठभाग सुकून साल चांगली धरते. शनिवारी साडेआठला मांस, चरबीची बाजू खाली, जाळीवर गेले. रात्रभर पेटती शेगडी ठेवणे ही जबाबदारी आहे, म्हणून पाण्याची नळी जोडून ठेवली, तापमापकावर जाळीसाठी १०५ आणि १३५ अंशांचे गजर लावले आणि मी खालच्या खोलीत खिडकीशी गादी टाकली. कोळशाची शेगडी घरात किंवा गॅरेजमध्ये, दार उघडे ठेवूनसुद्धा, पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दीड वाजता उठून पाहिले, सगळे ठीक होते. चार वाजून १० मिनिटांनी गजर वाजला: जाळीवर ९८ अंश. माळ अजून बरीच शिल्लक होती, मग आच का पडली हे कळेना. टॉर्च घेऊन तळाशी वाकले तेव्हा दिसले की राखेने खालची झडप बुजली आहे. तळाची पाती दोन-तीनदा हलवून राख पाडली आणि पंधरा मिनिटांत आकडा पुन्हा ११८ वर आला. त्या वेळी मांस ६९ अंशांवर, म्हणजे नेमके अडकलेले होते. मे महिन्यात याच आकड्याने मला रडकुंडीला आणले होते. या वेळी मी झाकण न उघडता परत झोपले.

पावणेसहाला आत ७३ अंश होते आणि साल गडद तपकिरी होऊन नखाने खरवडली तरी निघत नव्हती. गुंडाळण्याची खूण तापमानापेक्षा ही साल आहे. या वेळी फॉइलऐवजी खाटीक वापरतात तो मेण नसलेला जाड कागद घेतला, १२ डॉलरची गुंडाळी. तो थोडी वाफ बाहेर जाऊ देतो, त्यामुळे स्टॉल तर सुटतो पण साल भिजत नाही. ज्यांना घरचा ओव्हन वापरता येतो त्यांनी गुंडाळल्यावर मांस सरळ १२० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवावे. कागदाच्या आत धूर फारसा जातच नाही, तेव्हा पुढे हवी असते ती फक्त उष्णता. मला ती सोय नव्हती.

साडेआठला ९३ अंश झाले. पातळ सळई चार-पाच ठिकाणी खुपसून पाहिली. बहुतेक ठिकाणी सहज गेली, पण हाडाच्या खालच्या बाजूला अडली. तसेच ठेवले. नऊ वाजून पाच मिनिटांनी ९५ अंश, आणि आता सगळीकडे उकडलेल्या रताळ्यात सुई जावी तशी ती जात होती. मेमध्ये मी आकड्याकडे आणि घड्याळाकडे पाहत होते. इथे खरे उत्तर हातालाच मिळते. कागद थोडा उघडून दहा मिनिटे वाफ जाऊ दिली, नाही तर ते आतल्या आत शिजत राहते. मग पुन्हा गुंडाळून, आधी गरम पाण्याने तापवून कोरड्या केलेल्या जाड थर्माकोलच्या बर्फपेटीत जुन्या टॉवेलांमध्ये दडपून ठेवले आणि सळई आतच राहू दिली. लहानपणी घरी भाताचे भांडे चादरीत गुंडाळून ठेवत, त्यातलाच हा प्रकार.

घरात तोवर सासूबाईंनी दिवे घासून, पाटावर मांडून दीपपूजनाची तयारी केली होती. त्यांनी खिडकीतून विचारले, “झालं का तुझं? किती डिग्री आलं?” सहा आठवड्यांपूर्वी त्यांनी त्या दिशेला पाहिलेही नव्हते.

पावणेएकला पेटी उघडली तेव्हा मांस ७१ अंशांवर होते, ६० च्या बरेच वर. हाड दोन बोटांनी धरून ओढले, ते स्वच्छ निघून आले. पिंजताना मोठे तंतू तसेच ठेवले, चरबीच्या गोळ्या काढल्या, आणि कागदात साठलेला रस त्यातच परत मिसळला. वरून व्हिनेगर, मीठ, भरडलेली लाल मिरची, मिरी आणि किंचित साखर असा पूर्वेकडचा रस घातला. एका वाडग्यात केचप घातलेला लेक्सिंग्टनचा रसही ठेवला, कारण शेजारचे आजोबा जेवायला होते. खायला पाव आणि बारीक चिरलेल्या कोबीची कोशिंबीर. हाड आणि काढलेली चरबी वगळता २.३ किलो मांस निघाले, म्हणजे कच्च्या वजनाच्या जेमतेम साठ टक्के. माणशी दीडशे ग्रॅम धरले तर पंधरा जणांना पुरते, आणि कच्चे वजन हिशेबाला धरणारा फसतो.

खर्चाचे सांगायचे तर शेगडी, फरश्या, तापमापक आणि परवानगी मिळून १७७ डॉलर एकदाच लागले. त्यानंतर दर वेळी मांसाचे वीस, कोळशाचे दहा आणि लाकडाचे तीन-चार डॉलर लागतात. झोपेचा हिशेब यात नाही.

उरलेले अर्धा किलो मांस त्याच दुपारी उथळ ट्रेमध्ये पसरून गार केले, कारण जाड ढीग आतून तासन्‌तास कोमट राहतो, आणि मग रसासकट पाव-पाव किलोची पाकिटे केली. फ्रिजमध्ये ते तीन-चार दिवस टिकते. आमच्याकडे सोमवारपासून श्रावण असल्याने पाकिटांवर तारीख घालून ती गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये ठेवली. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून दोन दिवस फरशीवरच राहू दिली आणि मंगळवारी संध्याकाळी, डब्याला हात लावून तो पुरता गार झाल्याची खात्री करून, कचऱ्यात टाकली.